Explained : हाफकिन कोण होते? सशांनंतर स्वतःलाच लस टोचून घेणारा शास्त्रज्ञ

औषध विषारी ठरेल का, याचा अंदाज आता रेणूची रचना पाहून संगणकही बांधतो. २०२३ मध्ये भारताच्या औषध चाचणी नियमांतही या पद्धतीला जागा मिळाली. १८९६ मध्ये मात्र यातलं काहीच नव्हतं.

त्या वर्षी मुंबईत प्लेग पसरला आणि ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. तिथे त्यांनी लस बनवली, आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाही टोचून घेतली. ताप आला, जागा दुखली, पण ते वाचले. त्यानंतर भायखळा तुरुंगातले कैदी पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना निलंबित केलं गेलं. दोष लसीचा नव्हताच. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. (इथे कोणतंही मॉडेल कामाला आलं नसतं. इनपुटमध्ये नसलेली चूक आउटपुटमध्ये कशी दिसणार?) निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. पूर्णा जंक्शनवरून मुंबईला गेलात, तर ती संस्था आजही तिथेच दिसेल. हाफकिन मात्र १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले.