न लाजता बोलणारे र. धों. कर्वे

एचआयव्ही टाळायचा, तर आधी त्याविषयी बोलता आले पाहिजे. ज्या गोष्टी नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत, त्या मराठीत छापून वाचकांच्या हाती देण्याचे काम मुंबईतील एका गणिताच्या प्राध्यापकाने सुरू केले, तेव्हा भारतात हा विषाणू सापडायला जवळपास साठ वर्षे होती. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, दापोलीजवळच्या मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे स्त्रीच्या प्रकृतीचा प्रश्न त्यांच्या कामाच्या मध्यभागी राहिला. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाई केंद्राच्या कामात त्यांच्यासोबत होत्या.

त्या काळची मुंबई गिरण्यांची होती. घरापासून दूर, एका खोलीत दहा-बाराजण राहणारे कामगार, वेश्यावस्त्या आणि त्यांतून घरच्या बायकोपर्यंत पोहोचणारी गरमी व परमा हे रोजचे वास्तव होते. पेनिसिलिन यायला अजून दोन दशके होती. रोग झाला की तो लपवायचा आणि भोंदू वैद्य गाठायचा, अशी रीत. कर्व्यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले. नीतीचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि रोगाकडे रोग म्हणून पाहिले. रोग झालेला माणूस पापी ठरला, की तो दवाखान्यात येत नाही आणि संसर्ग पुढे जात राहतो, हे साधे गणित त्यामागे होते.

या विचारांची किंमत त्यांनी मोजली. १९२५मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यात वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ मराठीत उत्तरे देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे कोणतेही प्रश्न वर्ज्य नव्हते. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१मध्ये खटला झाला. १९३४मध्ये उत्तरांच्या याच सदरावरून पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरला, दंड झाला. पण मासिक थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ला कर्व्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते निघत होते.

कर्वे मवाळ नव्हते. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रे आणि धर्मावरची बोचरी टीका यांमुळे अनेक वाचक दुरावले. शिवाय मासिक फक्त वाचता येणाऱ्यांपर्यंतच जाऊ शकत होते.

ही उणीव आजचे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम भरून काढू पाहते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी, तेलुगू बोलणारी माणसे शेजारी-शेजारी राहतात. एकच पत्रक सर्वांना पुरत नाही. म्हणून देहविक्री करणाऱ्या स्त्रियांशी त्यांच्यातलीच एखादी बोलते, तृतीयपंथीयांच्या वस्तीत तृतीयपंथी कार्यकर्ती जाते, स्थलांतरित मजुराला त्याच्या बोलीत माहिती मिळते. सरकारी व पालिका रुग्णालयांच्या केंद्रांत समुपदेशनासह तपासणी मोफत होते. २०१७च्या कायद्यानुसार ती संमतीनेच करायची आणि अहवाल गुप्त ठेवायचा असतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७वरही प्रश्न विचारता येतात.

आता उपचार घेणारा एचआयव्हीबाधित माणूस दीर्घ आयुष्य जगू शकतो. औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. तरीही लाजेपोटी तपासणी टाळणारे आहेत. कर्व्यांचे अर्धे काम अजून उरलेले आहे, ते इथे.