कीथ हेरिंग

कीथ हेरिंग (४ मे, १९५८:रेडिंग, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - १६ फेब्रुवारी, १९९०:न्यू यॉर्क) हे अमेरिकन चित्रकार होते. रस्त्यावरील कला आणि पॉप आर्ट या दोन्ही प्रवाहांत त्यांची गणना होते. जाड रेषांतील रांगते बाळ व भुंकणारा कुत्रा या त्यांच्या आकृती विशेष प्रसिद्ध आहेत.

भुयारी रेल्वेतील चित्रे

पिट्सबर्गमधील शिक्षण अर्धवट सोडून हेरिंग १९७८ मध्ये न्यू यॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स या संस्थेत दाखल झाले. शहरातील भुयारी रेल्वेच्या स्थानकांत मुदत संपलेल्या जाहिरातींवर काळा कागद चिकटवला जात असे. १९८० ते १९८५ या काळात हेरिंग यांनी त्या कागदांवर पांढऱ्या खडूने चित्रे काढली. त्यासाठी त्यांना अनेकदा अटकही झाली. नवी जाहिरात लागली की चित्र झाकले जाई. विक्रीचा प्रश्नच नव्हता. मात्र १९८२ मध्ये टोनी शाफ्राझी यांच्या कलादालनात प्रदर्शन झाल्यावर हेरिंग यांच्या कामाला भाव आला आणि लोक स्थानकांतील कागद काढून नेऊन विकू लागले. प्रवाशांसाठी काढलेली चित्रे प्रवाशांना दिसेनाशी झाल्याने त्यांनी ती काढणे थांबवले.

पॉप शॉप

१९८६ मध्ये हेरिंग यांनी न्यू यॉर्कमध्ये पॉप शॉप हे दुकान उघडले. तेथे त्यांच्या चित्रांचे टी-शर्ट, बिल्ले व पोस्टर सामान्यांना परवडणाऱ्या दरात मिळत. त्यांच्यावर बाजारूपणाची टीका झाली. पॉप आर्टचे अग्रणी अँडी वॉरहॉल यांनी मात्र पाठिंबा दिला. हे दुकान २००५ पर्यंत चालू होते.

मृत्यू व चित्रांचे मूल्य

१९८८ मध्ये एड्सचे निदान झाल्यावर हेरिंग यांनी पुढील वर्षी कीथ हेरिंग फाउंडेशन स्थापन केले. वयाच्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हेरिंग यांचे १९८२ मधील एक चित्र २०१७ च्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरला विकले गेले. वॉरहॉल यांच्या मेरिलिन मन्रोच्या एका चित्राला २०२२ मध्ये सुमारे १९.५ कोटी डॉलर मिळाले. स्वाक्षरी व क्रमांक असलेल्या मुद्राचित्रांचा माग लागतो; स्थानकातून काढून नेलेल्या खडूच्या चित्राला खरेदीची पावती नसते. त्यातच फाउंडेशनने २०१२ मध्ये चित्रांच्या खरेपणाची तपासणी बंद केली. तरीही २०२४ मध्ये अशी ३१ चित्रे सदबीज या लिलावगृहात एकूण सुमारे ९२ लाख डॉलरला विकली गेली.