सगळा ट्रॅक विरोधात होता, तरी हा गडी १८९९ ला सायकलिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झाला..

ऑलिम्पिकमध्ये सायकलिंगची टीम स्प्रिंट कधी पाहिलीय का?

तिरक्या ट्रॅकवर तीन गडी एकामागोमाग एक सुटतात. पहिला एक फेरी जीव खाऊन ओढतो आणि बाजूला होतो. दुसरी फेरी दुसरा ओढतो. शेवटची तिसरा एकटा मारतो. यामागचं गणित एकदम सोपं आहे. पुढचा गडी वारा अंगावर घेतो, त्यामुळे मागच्याची ताकद वाचते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१९ ला तर आपल्या भारताच्या पोरांनी ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये यात गोल्ड मारलं होतं.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ट्रॅकवर हेच गणित उलटं वापरलं जायचं. स्प्रिंट असायची ज्याची त्याची, पण बाकीचे मिळून एकाच गड्याला अडवायचे. कोणी पुढून वाट रोखायचं, कोणी बाजूने दाबायचं.

कारण तो सगळ्यात फास्ट होता, आणि तो काळा होता.

त्याचं नाव मेजर टेलर.

खरं नाव मार्शल वॉल्टर टेलर. जन्म २६ नोव्हेंबर १८७८ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. वडील साउदर्ड नावाच्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरातला मुलगा मार्शलच्याच वयाचा. दोघांची गट्टी जमली आणि मार्शल त्याच घरात राहू लागला. मालकाच्या पोरासोबत शिकला आणि तिथेच त्याला पहिली सायकल मिळाली.

पुढं ते कुटुंब शिकागोला गेलं आणि मार्शल परत आपल्या घरी आला. मग पेपर टाकणं वगैरे कामं सुरू झाली. सायकलवरच्या कसरती मात्र त्याला भारी जमायच्या. गावातल्या एका सायकलच्या दुकानाने हे हेरलं आणि त्याला कामावर ठेवलं. सैनिकाचा ड्रेस घालायचा, दुकानासमोर कसरती करायच्या आणि गिऱ्हाईक गोळा करायचं. त्या ड्रेसमुळे लोक त्याला मेजर म्हणायला लागले. तेच नाव आयुष्यभर चिकटलं.

आता तेव्हाची परिस्थिती बघा. त्या काळात अमेरिकेत सायकलिंगची क्रेझ होती. ट्रॅकवरच्या शर्यतींना हजारो लोक तिकीट काढून यायचे. पण १८९४ ला अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वात मोठ्या संघटनेने काळ्या लोकांना सभासदत्व द्यायचं नाही असा नियमच केला. प्रोफेशनल शर्यतीत उतरायची वाट मात्र बंद नव्हती. टेलर त्याच फटीतून आत शिरला.

या वाटेवर त्याला हात दिला तो लुईस मंगर या गोऱ्या माणसाने. मंगर स्वतः आधी शर्यती मारायचा आणि नंतर सायकली बनवायचा. पोरात दम आहे हे त्याने ओळखलं आणि १८९५ ला त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात नेलं. पुढच्याच वर्षी टेलर इंडियानापोलिसला आला आणि तिथल्या ट्रॅकवर त्याने गोऱ्या सायकलपटूंची वेळ मोडून दाखवली. विक्रम अनधिकृत होता, पण व्हायचं तेच झालं. त्याच्या स्वतःच्या गावातल्या ट्रॅकचे दरवाजे त्याला बंद झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यतीत उतरला. वय फक्त १८. ही शर्यत म्हणजे माणसाचा पार भुगा करणारी. टेलरने तब्बल १,७३२ मैल सायकल हाणली. म्हणजे जवळपास २,८०० किलोमीटर. नंबर आला आठवा.

पण त्याचा खरा जीव स्प्रिंटमध्ये होता.

स्प्रिंट म्हणजे नुसतं जोरात पायडल मारणं नाही. आधी एकमेकांवर नजर ठेवायची, समोरच्याच्या मागं राहून वारा चुकवायचा आणि शेवटच्या काही मीटरला मुसंडी मारायची. इथंच टेलरला कोंडीत धरलं जायचं. दोघा-तिघांनी मिळून अडवलं, की निघायला फटच उरायची नाही. शेवटी टेलरने यावर स्वतःचा उपाय शोधला. सुरुवातीलाच पुढं निघून जायचं, किंवा हातभर फट दिसली तरी त्यातून सुटायचं.

१८९७ ला मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टनमध्ये तर हद्दच झाली. शर्यत संपल्यावर बेकर नावाच्या सायकलपटूने टेलरचा गळा आवळला. टेलर बेशुद्ध पडला. पोलीस मध्ये पडले म्हणून तो वाचला. बेकरला शिक्षा काय झाली? ५० डॉलर दंड. त्याच वर्षी दक्षिणेतल्या आयोजकांनी टेलरला शर्यतीत घ्यायलाच नकार दिला. तिथले गुण हुकले आणि राष्ट्रीय विजेतेपदाची संधी पण गेली. पुढच्या वर्षी तो सरावासाठी जॉर्जियामधल्या सवानाला गेला, तर तिथं जिवे मारायच्या धमकीची चिठ्ठी आली.

तरीही टेलर थांबला नाही.

१० ऑगस्ट १८९९. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप भरली होती. एक मैलाच्या स्प्रिंटची फायनल. टेलरने अमेरिकेच्याच टॉम बटलरला मागं टाकलं आणि वयाच्या विशीत तो जगज्जेता झाला. त्याच्याआधी कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला काळा खेळाडू एकच होता, बॉक्सर जॉर्ज डिक्सन. पुढच्या वर्षी, १९०० ला, टेलर अमेरिकेचा स्प्रिंट चॅम्पियनही झाला.

आता युरोपातून बोलावणी यायला लागली. दहा हजार डॉलरच्या ऑफर होत्या. पण टेलर कट्टर बाप्टिस्ट. रविवार देवाचा, त्या दिवशी शर्यत नाही, हा त्याचा नियम. आणि युरोपात मोठ्या शर्यती असायच्या नेमक्या रविवारी. त्याने सरळ नकार कळवला. शेवटी आयोजकच नमले आणि रविवार सोडून करार झाला.

१९०१ ला पॅरिसच्या पार्क दे प्रिन्सवर त्याची गाठ पडली फ्रान्सच्या एडमंड जॅकलिनशी. जॅकलिन तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन. १६ मे, गुरुवार. हवा गार होती आणि टेलरला थंडी मानवायची नाही. तो हरला. ११ दिवसांनी, सोमवारी, परत सामना झाला. यावेळी टेलरने जॅकलिनला सलग दोन फेऱ्यांत हरवून हिशोब चुकता केला.

१९०२ ला डेझी मॉरिससोबत त्याचं लग्न झालं. नंतर तो ऑस्ट्रेलियात गेला, तिथंही जिंकला. १९०४ ला सिडनीत मुलगी झाली, तर तिचं नाव ठेवलं रिटा सिडनी.

पण वर्षानुवर्षं शर्यतीही मारायच्या आणि द्वेषही सोसायचा, याने माणूस आतून थकतो. १९१० ला, ३२ व्या वर्षाच्या आसपास, टेलरने सायकल ठेवली.

त्यानंतर उतरती कळा लागली. धंद्यात पैसा बुडाला, तब्येत ढासळली, संसार मोडला. स्वतःचं आत्मचरित्र त्याने स्वतःच छापलं आणि शिकागोत दारोदार फिरून विकलं. २१ जून १९३२ ला तिथल्याच कुक काउंटी हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात तो गेला. वय ५३. एकेकाळच्या जगज्जेत्याला गोरगरिबांच्या बेवारस कबरीत पुरण्यात आलं.

१६ वर्षांनी, १९४८ ला, जुन्या सायकलपटूंची एक संघटना पुढं आली. सायकल कंपनीवाल्या फ्रँक श्विनने पैसा दिला आणि टेलरचे अवशेष त्याच दफनभूमीत चांगल्या जागी हलवून त्याच्या नावाचा फलक लावला. एकट्या पडलेल्या गड्यामागं सायकलवाले एकत्र उभे राहिले खरे, पण तो गेल्यावर.

आणि ज्या इंडियानापोलिसने त्याला ट्रॅकवर यायची बंदी केली होती, तिथं १९८२ ला सायकलिंगचा नवा ट्रॅक उभा राहिला. त्याला नाव दिलं, मेजर टेलर वेलोड्रोम.

आज त्या गावात ट्रॅकवर सायकल मारायची, तर टेलरच्या नावाखालूनच आत जावं लागतं.