स्पिटफायरचं ट्युनिंग करणारी बाइकवेडी

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही बाइक गॅरेजवर दहा मिनिटं थांबलात तर एक चर्चा हमखास कानावर पडेल. फ्री-फ्लो सायलेन्सर टाकलाय, आता फ्युएल कंट्रोलर टाकायचा का? कार्बोरेटरच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. मिस्त्री जेट बदलायचा, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, काम झालं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या बाइकमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ईसीयू ठरवतो आणि त्याच्या हिशोबात आपला नवा सायलेन्सर धरलेला नसतो. कंट्रोलरची डबी ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसते, येणारा सिग्नल पकडते आणि इंजेक्टर किंचित जास्त किंवा कमी वेळ उघडा ठेवते. बसवणं सोपं. किती जास्त आणि किती कमी, हे मोजून काढणं मात्र डोकेफोडीचं काम.

कंपनीच्या इंजिनात बाहेरून एक छोटासा भाग बसवून पेट्रोलचा हिशोब सुधारायचा, हेच काम १९४१ मध्ये एका बाईने केलं. बाइकवर नाही, लढाऊ विमानांवर. चुकलं असतं तर पायलटचा जीव गेला असता. तिचं नाव बिअ‍ॅट्रिस शिलिंग. आणि ती आधी पक्की बाइकवाली होती.

बिअ‍ॅट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातला. वडील खाटिक. चौदाव्या वर्षी तिने स्वतःसाठी टू-स्ट्रोक रॉयल एनफिल्ड घेतली आणि ती खोलून पुन्हा जोडायला शिकली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या इंजिनीअर बाईंच्या कंपनीत वायरिंगची आणि जनरेटर बसवण्याची कामं केली. मँचेस्टर विद्यापीठात जाऊन इंजिनीअरिंग शिक, हा आग्रह या पार्ट्रिजबाईंचाच. त्या काळी मुलींनी इंजिनीअरिंगला जाणं म्हणजे वर्गभर माना वळणं. तरी १९३२ मध्ये तिने इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली आणि पुढच्या वर्षी मेकॅनिकलमध्ये एमएस्सी केली. (त्याच १९३२च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले होते. विमानं किती नवी होती, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

डिग्री मिळाली तरी बाइक सुटली नाही. ब्रुकलंड्स नावाचा काँक्रीटचा रेसट्रॅक होता, वळणांवर भिंतीसारखा तिरका. तिथे ताशी १०० मैलांच्या वर एक फेरी मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. १९३४ मध्ये बिअ‍ॅट्रिसने ५०० सीसीच्या नॉर्टनवर ताशी १०६ मैल, म्हणजे साधारण १७० किलोमीटरचा वेग गाठला आणि तो मिळवला. हा स्टार मिळवणाऱ्या बायका इतिहासात मोजून तीन. असं सांगतात की जॉर्ज नेलरने मागणी घातली तेव्हा तिची अट होती, आधी तूही गोल्ड स्टार आण. किस्सा खरा असो वा रचलेला, दोघांचं १९३८ मध्ये लग्न झालं.

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या विमान संशोधन संस्थेत लागली. सुरुवातीला काम दिलं ते मॅन्युअल लिहिण्याचं! इंजिन उघडू शकणाऱ्या माणसाला टेबलावर बसवायची ही हौस जगभर सारखीच दिसते. पण ती तिथे फार काळ राहिली नाही, कार्बोरेटर विभागात पोचली.

आणि मग युद्ध आलं. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही ब्रिटिश लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. ताकदवान, पण कार्बोरेटर फ्लोटवाला. आपल्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तेच तत्त्व. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर जातो आणि झडप बंद होते. पायलटने विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की मात्र सगळं उलटं व्हायचं. पेट्रोल चेंबरच्या छताला जाऊन चिकटायचं, खालचे जेट कोरडे पडायचे आणि इंजिन आचका द्यायचं. तेवढ्यावर भागत नव्हतं. फ्लोट भलत्याच बाजूला गेल्याने झडप सताड उघडायची, पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतायचा, चेंबर ओव्हरफ्लो व्हायचा. मिक्श्चर इतकं रिच की काळा धूर आणि इंजिन गुदमरलेलं. समोरच्या जर्मन मेसरश्मिटमध्ये थेट फ्युएल इंजेक्शन होतं. जर्मन पायलट नाक खाली करून सरळ सूर मारायचा, मागे लागलेल्या ब्रिटिश पायलटला आधी विमान आडवं-उलटं फिरवून मग खाली जावं लागायचं. तेवढ्या सेकंदांत शिकार निसटायची. किंवा आपणच शिकार व्हायचो.

नवं कार्बोरेटर बनवायला वेळ लागणार होता. बिअ‍ॅट्रिसने विचार केला तो एखाद्या ट्युनरसारखा. फुल्ल पॉवरवर मर्लिन जास्तीत जास्त किती पेट्रोल पितं? तेवढंच जाऊ शकेल असं भोक काढायचं, थेंबभरही जास्त नको. पंप कितीही जोर करू दे, चेंबर भरून वाहणारच नाही. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी पितळी टोपी, तिला मोजून पाडलेलं एक भोक. पुढे तर नुसता चपटा वॉशर पुरला. सुपरचार्जरच्या दाबानुसार भोकाचे दोन वेगळे मापं ठेवले होते, कारण दाब वाढला की इंजिनाची तहानही वाढते. टोपी कार्बोरेटरच्या आधी पेट्रोलच्या पाइपात बसायची. विमान ड्युटीवरून काढायचीही गरज नव्हती.

१९४१च्या सुरुवातीला ती छोटी टीम घेऊन एकेका हवाई तळावर गेली आणि टोप्या बसवत सुटली. स्वतः अर्थातच आपल्या जुन्या रेसिंग नॉर्टनवर. पायलट मंडळींनी त्या भोकाला तिच्याच आडनावाचं एक चावट टोपणनाव दिलं. इथे ते छापत नाही.

या टोपीने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकली, असं कधी कधी सांगितलं जातं. ते खरं नाही. ती लढाई १९४० मध्येच संपली होती. शिवाय पहिला आचका राहिलाच, विमान उलटं ठेवून उडणंही जमत नव्हतं. पक्का इलाज आला तो १९४३ मध्ये, बेंडिक्सच्या प्रेशर कार्बोरेटरच्या रूपाने. पण मधली दोन वर्षं पायलट ज्या भरवशावर नाक खाली दाबत होते, तो भरवसा त्या भोकाचा होता.

युद्धानंतर तिला ओबीई हा किताब मिळाला. फार्नबरोत ती १९६९पर्यंत राहिली, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात असल्या प्रश्नांवरही काम केलं. नवरा-बायको आता कार रेसिंगमध्ये होते. १९६७ मध्ये अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीची फॉर्म्युला वन कार तापत होती, तेव्हा त्यांनी मदतीला बोलावलं ते अठ्ठावन्न वर्षांच्या बिअ‍ॅट्रिसला. १८ नोव्हेंबर १९९० रोजी ती गेली. फार्नबरोत तिच्या नावाचा एक पब आहे.