श्रीनाथांचा एकांत आणि लोकांत

एकांत बरा की संगत बरी, हा प्रश्न वारकऱ्यांतही वारंवार निघतो. एखाद्याला माणसांचा गलबला सोसत नाही. त्याला देवळाच्या मागच्या ओवरीत माळ घेऊन बसले म्हणजे बरे वाटते. दुसऱ्याला चार दिवस कोणी भेटले नाही की जीव कासावीस होतो. पहिला दुसऱ्याला बहिर्मुख म्हणतो, आणि दुसरा पहिल्याला माणूसघाणा म्हणतो. शास्त्रार्थ करू गेल्यास दोघांनाही वचने सापडतात. म्हणून ज्यांच्या ठिकाणी शास्त्र नुसते पाठ नव्हते, तर अंगी मुरले होते, त्या पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र आज आपण या एकाच अंगाने पाहू.

नाथांचा जन्म सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणास झाला. विजयनगराहून श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून संप्रदाय ज्यांना वंदन करतो, ते भानुदास त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी ही दोघेही नाथांच्या बाळपणीच गेली. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी पोराला वाढवले. मूल मोठे गुणी, पण खेळगड्यांत फारसे रमणारे नव्हे. देवळात बसावे, पोथी ऐकावी, आपल्याशीच विचार करावा, असा त्यांचा स्वभाव. बाराव्या वर्षाच्या सुमारास गुरूचा ध्यास लागला आणि कोणास न सांगता हे बालक देवगडाच्या वाटेला लागले.

आता इथे जरा थांबून बघा. नाथ निघाले ते परमार्थासाठी, यात शंका नाही. पण मागे घरात दोन म्हातारी माणसे राहिली. मुलगा गेला, सून गेली, आणि आता नातूही दिसेनासा झाला. नाथांना एकांत लाभला, तसा आजोबा-आजींच्या वाट्याला एकटेपणा आला. एकांत आणि एकटेपणा हे शब्द जवळचे दिसतात, पण एक मागून घेतलेला असतो आणि दुसरा न मागता अंगावर येतो. चरित्रकार ही गोष्ट विसरले नाहीत, आणि नाथांचे सद्गुरूही विसरले नाहीत, हे पुढे दिसेल.

देवगडावर जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहत. दत्तभक्त पुरुष, पण हाताखाली शिबंदी, दफ्तर, हिशेब, सगळा राजकारभार. गुरुवारी मात्र गडाचे कामकाज बंद असे, आणि तो दिवस स्वामींच्या ध्यानाचा. परंपरा सांगते, की अशाच एका वेळी स्वामी समाधीत असता गडावर शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंची समाधी मोडली नाही. त्यांचेच चिलखत अंगावर चढवले, शस्त्र घेतले, शत्रूला परतवले, आणि चिलखत जागच्या जागी ठेवून पुन्हा सेवेला लागले. ही कथा आपण गुरुसेवेचा दाखला म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक मर्म आहे. कोणी डोळे मिटून बसतो, तेव्हा दुसरा कोणी दाराशी उभा असतो. तुमच्या जपाच्या घटकेत चूल कोण पेटवते, लेकरू कोण सांभाळते, गुरे कोण सोडते? एकांत हे फुकटचे धन नव्हे. त्याचे मोल कोणीतरी भरत असते. ज्याला हे उमगले, त्याला एकांताचा गर्व होणार नाही.

पुढे स्वामींनी नाथांना शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठानास पाठवले. हा डोंगर देवगडापासून जवळच आहे. तेथे मात्र खरा एकांत. ध्यानस्थ नाथांच्या अंगाला नाग वेढा घालून बसे आणि डोक्यावर फणा धरी, अशी कथा आहे. त्या एकांताची गोडी काय असेल, ते ज्याने घटकाभर तरी मन स्थिर केले असेल त्यानेच जाणावे. दुसरा कोणी असता तर खाली उतरलाच नसता. पण अनुष्ठान पुरे होताच स्वामींनी त्यांना तीर्थयात्रेस लावले. त्र्यंबकेश्वरी गुरूंच्या आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर मराठी ओव्या रचल्या. एकांतात जे मिळाले, ते लगेच लोकांच्या भाषेत उतरवावयास लावले. गुरू असा असावा.

यात्रा करीत नाथ पैठणास आले, पण घरी गेले नाहीत. इकडे चक्रपाणींनी देवगडास जाऊन स्वामींचे पत्र आणून ठेवले होते. पत्र हाती पडेल तेथेच थांबावे, संसार करावा, अशी त्यात आज्ञा होती. भर वाटेवर वृद्ध आजोबांनी ते पत्र नातवाच्या हाती दिले, आणि नाथ तेथून एक पाऊलही पुढे गेले नाहीत. त्याच जागी त्यांचे घर झाले, असे पैठणास सांगतात. पुढे गिरिजाबाईंशी विवाह झाला. ज्यांना एकटे टाकून नाथ गेले होते, त्यांच्याच हातून गुरूने त्यांना माणसांत परत आणले.

त्यानंतरचे नाथांचे घर म्हणजे धर्मशाळाच. दार कधी लागत नसे. पावसाच्या रात्री पाहुणे आले आणि कोरडे सरपण नाही, तेव्हा नाथांनी घरचे लाकूडसामान मोडून चूल पेटवली, अशी कथा आहे. गोदेच्या वाळवंटात भर उन्हात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू त्यांनी कडेवर उचलून घरी पोचवले. पुरणपोळीचा हट्ट धरणारा गावबा घरात, कारभार पाहणारा उद्धव घरात, आणि श्रीखंड्याच्या रूपाने पाणी वाहणारा पांडुरंगही घरातच! मग नाथांना एकांत केव्हा मिळे? चरित्रकार सांगतात, की पहाटेचा काळ ध्यानाचा, पुढे गोदास्नान, पूजा, अतिथींचे भोजन, दुपारी पुराण आणि रात्री कीर्तन. शूलिभंजन सुटला नव्हता. तो पहाटेच्या दोन घटकांत येऊन राहिला होता.

आता नाथांच्या ग्रंथाकडे वळू. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली. सुरुवात पैठणास झाली आणि समाप्ती वाराणसीस, शके १४९५ म्हणजे सन १५७३च्या कार्तिकी पौर्णिमेस. याच स्कंधाच्या नवव्या अध्यायात अवधूताची गुरू झालेली कुमारी येते. घरची माणसे बाहेर गेलेली, पाहुणे तिला मागणी घालायला आलेले, आणि ती आत साळी कांडते आहे. कांकणे वाजू लागली. घरचे दारिद्र्य उघडे पडेल म्हणून तिने एकेक कांकण उतरवले. दोन उरली तरी वाजली. एकच राहिले तेव्हा शांत झाले. अवधूताने बोध घेतला, की अनेकांत कलह, दोघांत बोलाचाली, म्हणून एकट्याने विचरावे. एकांतप्रिय वाचक येथे मान डोलावील. पण तीनच अध्याय पुढे जा. बाराव्या अध्यायात भगवान उद्धवाला सांगतात, की योग, सांख्य, तप, दान यांपैकी कशानेही मी सत्संगासारखा वश होत नाही. एकाच स्कंधात दोन्ही! आणि दोहोंवर नाथांनी तितक्याच प्रेमाने लिहिले. विरोध नाही, सज्जनहो. कुमारीने कांकणे उतरवली ती पाहुण्यांसाठी. काम होताच ती जेवणाचे ताट घेऊन बाहेरच येणार होती.

नाथांची खरी कसोटी घरातच लागली. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, पण वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाकडेही जेवावे, हे त्याला रुचेना. तो काशीस निघून गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले, पण त्यासाठी प्राकृत पुराण आणि परान्न दोन्ही सोडण्याची अट मान्य केली. मग हरिपंडित संस्कृतात सांगू लागला आणि श्रोते हळूहळू ओसरले. ज्या घरात रोज गर्दी, तेथे शांतता पसरली. नाथांनी तक्रार केली नाही; एकांताचा अभ्यास होता म्हणून ती शांतता त्यांना सोसली. पण लोकांचे काय? त्यांच्या तोंडचा घास गेला. पुढे सहस्रभोजनाचा नवस असलेल्या एका गरीब बाईकडे नाथ जेवले आणि हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागला, तो एकीखाली दुसरी निघे, अशा हजार निघाल्या. एका पानावर हजार कसे जेवतात, ते मुलाला कळले. त्याने पाय धरले आणि मराठी पुराण पुन्हा सुरू झाले.

नाथांची भारुडे पाहा. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा, सगळे त्यांत आपापल्या बोलीत बोलतात. जो बाजारात, वेशीवर, माणसांत बसला नाही, त्याला हे साधणार नाही. उलट शके १५०६ म्हणजे सन १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, ते काम शांत बैठकीचे. ओवी ओवी ताडून पाहावयाची. पण तेव्हा तरी ते एकटे होते काय? माउलींनी समाधी घेतल्यास २८८ वर्षे झाली होती, तरी संगत माउलींचीच होती. पोथी उघडणारा एकटा नसतो.

सन १५९९च्या फाल्गुन वद्य षष्ठीस, जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तीरावर लोक जमलेले, नामाचा गजर चाललेला, आणि पाण्यात उतरणारे नाथ एकटे. तीच तिथी आज नाथषष्ठी म्हणून लाखो माणसे पैठणास साजरी करतात.

तेव्हा ज्याला एकांत आवडतो त्याने तो खुशाल भोगावा. पण उठताना हातात दुसऱ्यासाठी काही आहे का, हे बघावे. ज्याला संगत लागते त्यानेही लाजू नये; पण पहाटेची दोन घटका स्वतःशी बसून पाहावे. आणि गावात जो म्हातारा, जी विधवा, जो आजारी न मागता एकटा पडला आहे, त्याला एकांताचे माहात्म्य सांगू नये. त्याच्या दाराशी जावे आणि चार शब्द बोलावे. वारी दोन पायांनी चालते. एक टेकतो तेव्हा दुसरा उचलतो. पंढरीची वाट अशीच सरते.