पुस्तकांना पैसे नव्हते म्हणून कॉलेज हुकलं, गव्हर्नर झाल्यावर त्याने राज्यभर पुस्तकं फुकट वाटली

१९१० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या विनफील्ड गावच्या एका पोराने वादविवाद स्पर्धा गाजवली आणि सरकारी विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळवली. फीचा प्रश्न सुटला. पण पुस्तकं, राहणं, खाणं? नऊ भावंडांच्या घरात तेवढी रोकड निघेना. पोरगं फिरता विक्रेता झालं.

हा ह्युई लाँग.

पुढे उसनवारी करून जेमतेम वर्षभर कायदा शिकला, १९१५ मध्ये वकील झाला आणि १९२८ मध्ये थेट गव्हर्नर. आल्या आल्या त्याने शाळकरी मुलांना पुस्तकं फुकट केली. पैसा आला तेल कंपन्यांवरच्या करातून. जे विद्यापीठ हुकलं होतं, तिथली विद्यार्थिसंख्या त्याच्या काळात दुपटीवर गेली. अर्थात तिथे काळ्या मुलांना दार बंदच होतं आणि ते ह्युईने उघडलं नाही. विरोधकांना तो असा चिरडायचा की लोक त्याला हुकूमशहा म्हणायचे.

१९३४ मध्ये, सिनेटर असताना, त्याने नवीच योजना मांडली. अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला किमान उत्पन्न आणि कॉलेज सरकारी खर्चाने. पण ८ सप्टेंबर १९३५ ला विधिमंडळाच्या इमारतीतच त्याला गोळी लागली. दोन दिवसांनी तो गेला. वय फक्त ४२. योजना कागदावरच राहिली.

मुलगा रसेल तेव्हा १६ वर्षांचा. तोही सिनेटर झाला, पण बापासारखा श्रीमंतांवर तुटून पडणारा नव्हता. करविषयक समितीचा अध्यक्ष असताना, १९७५ मध्ये, त्याने ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ आणलं. मुलंबाळं असलेल्या, कमी कमाईच्या नोकरदाराला वर्षाला ४०० डॉलरपर्यंत सूट. कर त्याहून कमी भरत असेल, तर उरलेले पैसे रोख हातात.

कॉलेजचा यात उल्लेखही नव्हता. पण दयानंद मनोली आणि निकोलस टर्नर या अर्थतज्ज्ञांनी करखात्याच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. मूल शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना कमी उत्पन्नाच्या घरात परताव्याचे १ हजार डॉलर जास्त आले, तर कॉलेजला जाण्याचं प्रमाण सुमारे १.३ टक्के बिंदूंनी वाढतं. म्हणजे १०० मुलांमागे एखादं मूल जास्त. अमेरिकेत शिक्षणासाठी सरकारी अनुदान असतं, कर्जही असतं, पण ते पैसे साधारण सत्र सुरू होताना मिळतात. कराचा परतावा त्याआधी, वसंतातच येतो. ह्युईच्या घरी नेमकी हीच रोकड नव्हती.

हे क्रेडिट आजही सुरू आहे. तीन मुलांच्या कुटुंबाला आता जास्तीत जास्त ८ हजार डॉलरच्या आसपास मिळतात.