ताराबाई मोडक : मुलांकडे चालत गेलेली शाळा



आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असं एक तरी मूल असतं. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागलेली असते. आपण घरी निरोप पाठवतो, एकदा जाऊनही येतो, आणि मग शेरा लिहितो : शिक्षणात रस नाही, किंवा पालक उदासीन. काम संपलं. पण त्या मुलाचं न येणं हेही एक बोलणं आहे, ते ऐकायला हवं, असं समजून अख्खी शाळाच बदलणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. तिचं नाव पद्मभूषण ताराबाई मोडक. डीएडला आपण सगळ्यांनीच त्यांच्यावर टीप लिहिली आहे. जन्म, संस्था, पुरस्कार, पुस्तकं, पाच गुण. त्या टिपेत जे मावत नाही, त्याबद्दल आज थोडं सांगते.

सुरुवातीचं आयुष्य

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्नच घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेल्या बायका किती असतील, तुम्हीच विचार करा. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं. संसार फार काळ टिकला नाही. काही वर्षांतच त्या वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्यांना नोकरी मिळाली. चांगला पगार, मोठं पद. बहुतेकांनी तिथेच आयुष्य काढलं असतं.

ताराबाईंनी ते पद सोडलं. गुजरातमध्येच भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांमध्ये रमले होते. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं होतं. माँटेसरी पद्धतीने, छडी न वापरता, मुलाच्या कलाने शिकवायचं. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. प्राचार्य झालेली बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसू लागली.

भावनगरला त्या काय शिकल्या? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलाकडे बघत बसणं. माँटेसरी पद्धतीत शिक्षकाचं पहिलं काम निरीक्षणाचं असतं. मूल काय उचलतं, कुठे थांबतं, कशाकडे पुन्हा पुन्हा वळतं, हे बघायचं आणि मधे तोंड घालायचं नाही. ऐकायला वाटतं सोपं, पण आपल्याला दहा मिनिटं गप्प बसून बघा म्हटलं तर जमणार नाही. तोंडातून सूचना निघतेच.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षणपत्रिका निघू लागली आणि बालशिक्षणाचा विचार घराघरात पोचला. पुढे १९३६ साली ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. सोबत बालवाडीच्या शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही. मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलांना आनंदाने पाठवत होते, काम नावारूपाला आलं होतं.

५३ व्या वर्षी नवी सुरुवात

पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. हे सगळं शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांसाठी चाललं होतं. माँटेसरीचं साहित्य महाग, त्यासाठी वेगळी खोली, वेगळं फर्निचर. खेड्यातल्या, मजुरी करणाऱ्यांच्या मुलाला यातलं काय मिळणार? गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, आणि बालशिक्षण गरिबाच्या झोपडीपर्यंत गेलं पाहिजे ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली होती.

म्हणून १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, दादरचं बस्तान सोडून त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं, डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. अनुताई बालविधवा, कष्टाने शिकलेल्या, तेव्हा ३५ वर्षांच्या. एकीने दिशा दाखवायची आणि दुसरीने ती वाट पायाखाली घालायची, अशी ही जोडी जमली. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षं, हे काम सोडलं नाही.

तो काळ त्या भागात साधा नव्हता. १९४५ मध्येच गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. जमीनदार आणि सावकारांनी पिढ्यान् पिढ्या राबवून घेतलेली ही माणसं. बाहेरून आलेल्या शिकलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाकडे ती विश्वासाने का बघतील? हे लक्षात घेतलं तर पुढची गोष्ट नीट कळते.

मुलं येत नव्हती, मग?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. पण ज्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी जीव तोडून हे चाललं होतं, तिथलीच मुलं येईनात. इथे आपण काय केलं असतं? परिपत्रक, पटनोंदणी पंधरवडा, प्रभातफेरी. ताराबाईंनी आणि अनुताईंनी आधी वस्तीत जाऊन बघितलं. आईबाप पहाटे कामाला जातात. मुलाला आंघोळ घालून, कपडे घालून वेळेवर पोचवणार कोण? आणि ठरलेली वेळ शाळेची, वस्तीची नव्हे.

मग शाळाच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुलं जमवायची. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ. वेळ वस्तीच्या सोयीची. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. आज गावोगाव आपण जो शब्द सहज वापरतो, तो या अंगणातून आला आहे. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिची केंद्रं अंगणवाडी या नावाने देशभर पोचली. तो दिवस बघायला ताराबाई नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या होत्या.

१९५० च्या दशकात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता थेट वारली पाड्यांच्या मधोमध. आणि इथे पुन्हा नवे प्रश्न.

मोठी बहीण शाळेत यायला तयार, पण कडेवर धाकटं भावंड. ते ठेवायचं कुठे? आपल्याकडे आजही अशा मुलीला बाळ घेऊन वर्गात बसू नकोस असं सांगितलं जातं, आणि ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही. कोसबाडला बाळासाठी पाळणाघर निघालं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे धाकटं, मधलं आणि थोरलं एकाच आवारात. याला नाव दिलं विकासवाडी.

तरीही काही मुलगे दिसेनात. ते कुठे? तर गुरांमागे. घरची किंवा मालकाची गुरं राखायला सकाळीच रानात. गुरं सोडून शाळेत या म्हणणं म्हणजे घरातली चूल विझवा म्हणण्यासारखं. मग शिक्षक कुरणावर गेले. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, आणि तिथेच शिकणं चालू आहे. ही कुरणशाळा. आणि जे दिवसा कुठेच सापडत नव्हते त्यांच्यासाठी रात्रशाळा.

आता ही सगळी नावं एका ओळीत ठेवून बघा : अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा, रात्रशाळा. परीक्षेसाठी आपण ही यादी पाठ केली. पण यातलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी नीट ऐकून घेतलेल्या एका अडचणीला दिलेलं उत्तर आहे. मुलाने शाळेच्या मापाचं व्हावं हा हट्ट प्रत्येक वेळी सोडून दिला गेला.

रानातलं साहित्य

दुसरी गोष्ट निसर्गाची. माँटेसरीचे रंगीत लाकडी ठोकळे, मनोरे, मोजून कापलेल्या पट्ट्या इथे परवडणाऱ्या नव्हत्या. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काड्या, माती हेच साहित्य झालं. लहान-मोठा क्रम लावायला दगड, रंग ओळखायला फुलं, मोजायला बिया, अक्षर गिरवायला धूळ.

आपण याकडे बहुतेक वेळा शून्य खर्चाचं शैक्षणिक साहित्य म्हणून बघतो. प्रशिक्षणात फोटो काढतो, अहवालात लिहितो. पण स्वस्ताईपेक्षा मोठा फायदा यात दडला आहे. लाकडी मनोरा शाळेचा असतो. तो कसा रचायचा हे बाईंना माहीत असतं आणि मुलाला नसतं. बी मात्र मुलाची असते. ती कोणत्या झाडाची, ते झाड कुठे आहे, तिला कधी फळ येतं, गुरं ते खातात का, हे रानात हिंडणाऱ्या मुलाला बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं. म्हणजे साहित्य मुलाच्या ओळखीचं असलं की बोलायची पाळी मुलाची येते आणि ऐकायची पाळी शिक्षकाची. ज्या मुलाच्या आईबापांना आयुष्यभर फक्त हुकूम ऐकायला मिळाले, त्या मुलाला कुणीतरी शिकलेलं मोठं माणूस विचारतंय आणि त्याचं उत्तर मन लावून ऐकतंय, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

म्हणून मला वाटतं, निसर्गाशी नातं जोडणं आणि दुसऱ्याचं ऐकायला शिकणं ही दोन वेगळी उद्दिष्टं नाहीत. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना बाहेर नेऊन आपणच झाडांची नावं सांगत राहिलो, तर तो वर्ग फक्त उन्हात भरला, एवढंच.

हे सगळं सोपं होतं का?

मुळीच नाही. अंगणात किंवा कुरणावर शाळा भरवली म्हणून भूक थांबत नाही, मजुरी वाढत नाही. ऐकून घेतलेली प्रत्येक अडचण शाळा सोडवू शकत नव्हती. शिवाय ऐकायचं म्हणजे स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. ताराबाईंनी आधी प्राचार्यपद सोडलं, मग शहरातली घडी बसलेली संस्था सोडली, मग ज्या साहित्यावर त्यांचा अभ्यास उभा होता ते साहित्यही बाजूला ठेवलं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या आणि काम कोसबाडला चालूच होतं.

आपण काय करू शकतो?

कोसबाडचं काम आपल्याला जसंच्या तसं करता येणार नाही. आपल्याला पट आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, वेळापत्रक आहे. तरी काही गोष्टी नक्की जमतील.

१. गैरहजर मुलाच्या घरी जाताना शाळेत का येत नाही हा प्रश्न नेऊ नका. त्याचा दिवस कसा जातो, पहाटेपासून रात्रीपर्यंत, एवढंच विचारा आणि मधे न बोलता ऐका. कारण त्यातच सापडेल.

२. आठवड्यातून एक दिवस मुलांना येताना वाटेवरची एक वस्तू आणायला सांगा. पान, दगड, पीस, शेंग, काहीही. ती वस्तू हातात असेपर्यंत फक्त त्या मुलाने बोलायचं. बाकीच्यांनी आणि बाईंनीही फक्त प्रश्न विचारायचे.

३. मुलाने झाडाचं, पक्ष्याचं नाव घरच्या बोलीत सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका. ते नाव फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकातलं लिहा. दोन्ही राहू द्या.

४. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाऊन परत आलेल्या मुलाला आधी बुडालेला अभ्यास दाखवू नका. तिकडे काय काय बघितलं ते वर्गाला सांगू द्या. पाथीत किती विटा, मोळीत किती ऊस, हे त्याचं गणित आहे.

५. पालकहो, तुमच्यासाठी एकच. संध्याकाळी मुलासोबत अर्धा तास बाहेर चाला, मोबाइल घरी ठेवून. आज काय शिकवलं हे विचारू नका. ते ज्याच्यापाशी थांबेल तिथे थांबा. बोलायला लागलं की ऐका.

पुढच्या वेळी एखाद्या मुलाच्या नावापुढे रस नाही असा शेरा लिहायला पेन उचललंत, तर जरा थांबा आणि कोसबाडच्या कुरणावरची ती मुलं आठवा. त्यांच्याहीबद्दल कुणीतरी हेच म्हटलं असतं. त्यांच्या नशिबाने त्यांना विचारायला आलेली माणसं उत्तर मिळेपर्यंत बसून राहिली.